प्रमाणपत्रावर ‘स्वसंरक्षण’ लिहिण्यापूर्वी : कराटे प्रशिक्षण संघटनेच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य व सर्व प्रशिक्षक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या संघटनेने नुकतेच काढलेले परिपत्रक इतर पालकांप्रमाणे मलाही मिळाले. मधल्या पट्ट्यांपर्यंतच्या विद्यार्थ्यांचे कुमिते, म्हणजे मुक्त लढतीचा सराव, दुखापतींचे कारण देऊन बंद करण्यात येत आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याच्या जागी काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, आणि जोडीने करायच्या ठरीव हालचाली वाढवण्यात येतील, आणि हा नवा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला पट्ट्यासोबत ‘स्वसंरक्षण प्रावीण्य’ असे वेगळे प्रमाणपत्र मिळेल. परिपत्रकाला एक माहितीपत्रकही जोडलेले आहे. त्यात निरनिराळ्या युद्धकलांना ‘प्रत्यक्ष उपयोगिते’नुसार तारे दिलेले असून सर्वांत जास्त तारे अर्थातच आपल्या शैलीला मिळालेले आहेत. या सगळ्यामागची कारणे मी लेखी विचारली, तेव्हा ‘हा धोरणात्मक निर्णय आहे’ एवढेच उत्तर आले. म्हणून आता हे जाहीरपणे लिहिते आहे. संघटनेचे नाव मात्र मी मुद्दाम घातलेले नाही, कारण हाच प्रकार थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी चालतो आणि एकाच संघटनेकडे बोट दाखवून बाकीच्यांना मोकळे सोडण्याची माझी इच्छा नाही.

माझा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी येतो. तरुणपणी मी ज्युदो खेळले, पुढे हौसेने बॉक्सिंग शिकले, आणि आता माझी मुलगी आपल्या वर्गात येते. तिचे सर मनापासून शिकवतात, तिचा तोल आणि दम दोन्ही सुधारले आहेत, आणि कराटे या कलेविषयी मला आदरच आहे. तक्रार आहे ती या प्रमाणपत्राच्या खरेपणाविषयी. ते हाती पडल्यावर तेरा-चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या ताकदीविषयी काय समजूत करून घेईल आणि त्या समजुतीच्या भरवशावर कुठल्या प्रसंगी पळायचे सोडून उभी राहील, याचा विचार कार्यकारिणीने केलेला मला दिसत नाही.

पहिली तक्रार त्या ताऱ्यांची. ते कोणत्या कसोटीवर दिले, हे पत्रकात कुठेही लिहिलेले नाही. युद्धकलांची तुलना करताच येत नाही, असे मी म्हणत नाही. ती करता येते आणि जाहीरपणे झालेलीही आहे. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे यूएफसी या मिश्र युद्धकलांच्या स्पर्धामालिकेची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा वेगवेगळ्या शैलींचे आठ लढवय्ये एका पिंजऱ्यात उतरवण्यात आले. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे सोडले तर जवळजवळ सगळ्याची मुभा होती. इतरांच्या तुलनेत सडपातळ असलेला, जमिनीवरच्या झुंजीवर भर देणाऱ्या ब्राझिलियन जिउ-जित्सूचा खेळाडू रॉयस ग्रेसी एकाच संध्याकाळी तीन लढती जिंकून विजेता ठरला. त्याच्याशी लढलेला बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता, आणि एकदा खाली पडून छातीवर माणूस बसल्यावर काय करायचे हे ठाऊक नसल्यामुळे त्याने हार मान्य केली. उभ्याने लाथा-ठोसे मारणाऱ्या शैलींचा मोठा भ्रम त्या दिवशी फुटला. अर्थात आयोजकांपैकी एक जण ग्रेसी घराण्यातलाच होता, हेही विसरू नये. पुढच्या काही वर्षांत ठोसेबाजांनी खाली न पडण्याचे आणि पडल्यास उठण्याचे तंत्र आत्मसात केले, आणि पारडे पुन्हा बदलले.

त्या पिंजऱ्याने एवढेच सिद्ध केले, की एकास एक, मऊ गादीवर, पंचांसमोर आणि शस्त्राविना झालेल्या झुंजीत जमिनीवरचे कसब न येणारा माणूस उघडा पडतो. हा धडा मोलाचा आहे. पण जिन्यात, लिफ्टमध्ये किंवा दोघा-तिघांच्या घोळक्यात काय होते, याचा निवाडा त्यातून होत नाही. म्हणून तुलना करायचीच असेल तर प्रत्येक कलेला दोन प्रश्न विचारावे लागतात. पूर्ण ताकदीने विरोध करणाऱ्या माणसावर या कलेतले काय काय रोजच्या सरावात वापरले जाते? आणि या कलेचे नियम कोणता धोका नजरेआड करतात?

बॉक्सिंग घ्या. त्यात लाथ नाही, पकड नाही, जमिनीवरचे काही नाही. तरीही चेहऱ्याकडे येणारा ठोसा बघताना डोळे मिटायचे नाहीत, ही गोष्ट इतक्या लवकर दुसरी कुठलीही कला अंगवळणी पाडत नाही, आणि पहिला फटका बसल्यावर गोठून न जाणे हे स्वसंरक्षणात अर्धे काम असते. दुसऱ्या बाजूने, १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी ग्लोव्ह आणले आणि मूठ सुरक्षित झाली. उघड्या मुठीने कवटीवर मारले तर करंगळीच्या मुळाशी असलेले तळहाताचे हाड मोडते, आणि हे इतके नेहमीचे आहे, की डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणूनच ओळखतात. बॉक्सिंग शिकलेल्या मुलीला तळहाताच्या टाचेने मारणे वेगळे शिकवावे लागते.

तायक्वांदोच्या स्पर्धेत डोक्यावर लाथ चालते, पण चेहऱ्यावर ठोसा चालत नाही. त्यामुळे खेळाडूंचे हात सर्रास खाली राहतात. क्योकुशिन कराटेत अंगावर पूर्ण जोराने मार घ्यावा लागतो, त्यामुळे ती मुले कणखर होतात, पण चेहऱ्यावर हाताने मारायला तिथेही बंदी आहे. ज्युदो ही माझी जुनी कला, म्हणून तिच्याविषयीही सांगते : कडक जमिनीवर नीट केलेली एक फेक झुंज तिथल्या तिथे संपवू शकते, पण आंतरराष्ट्रीय नियमांनी २०१० पासून थेट पाय पकडण्यावर बंधने आणली आणि २०१३ मध्ये कमरेखालची पकड जवळजवळ पूर्ण बंद केली. कुस्तीगीर सहज घालतो तो दुहेरी पट, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडण्याचा डाव, आजच्या ज्युदोपटूला सरावात भेटतच नाही. मुय थाई या थायलंडच्या कलेत कोपर, गुडघा आणि मानेची पकड येते, म्हणजे अगदी जवळून झोंबाझोंबी होते त्याच अंतरावरचा सराव होतो, आणि याबाबतीत ती आपल्या कलेपेक्षा पुढे आहे हे मान्य करायला हरकत नसावी. ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये आपल्यापेक्षा जड माणसाच्या खाली दबून असताना श्वास कसा टिकवायचा, कंबर कशी सरकवायची आणि बाहेर कसे निसटायचे, हेच मुळी रोजचे काम असते. स्त्रियांच्या दृष्टीने यापेक्षा उपयोगी उजळणी मला माहीत नाही. मात्र हल्लेखोराचा साथीदार शेजारी उभा असताना त्याच जमिनीवर रेंगाळणे घातक ठरते, आणि हे शिकवणारे वर्ग थोडे आहेत.

आयकिदो या जपानी कलेच्या बहुतेक शाखांत स्पर्धा नाही (तोमिकी शाखा हा अपवाद), आणि जोडीदार तंत्राला साथ देत पडतो. कला म्हणून ते सुंदर आहे. क्राव मागा या इस्रायली पद्धतीचा उद्देश मात्र थेट स्वसंरक्षणाचाच आहे, म्हणूनच पत्रकात तिला दुसरा क्रमांक मिळालेला दिसतो. पण तिचे जनक इमी लिख्टेनफेल्ड हे आधी कुस्तीगीर आणि बॉक्सर होते, हे तारे देणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे. त्यांच्या अंगात विरोध करणाऱ्या माणसांशी झुंजून मुरलेले कसब होते. ते गाळून नुसत्या हालचाली उचलल्या, तर क्राव मागाचाही काताच होतो.

आणि आपले कराटे? टोकियो ऑलिंपिकमधील ७ ऑगस्ट २०२१ ची पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाची अंतिम लढत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा आघाडीवर होता. त्याची लाथ डोक्यावर बसून इराणचा सज्जाद गंजजादेह बेशुद्ध पडला. अतिरेकी जोर लावला म्हणून हमेदी अपात्र ठरला आणि स्ट्रेचरवरून बाहेर नेलेल्या गंजजादेहला सुवर्णपदक मिळाले. खेळाच्या नियमांप्रमाणे निकाल योग्यच होता, त्यात माझा वाद नाही. पण ज्या खेळात जोर आवरता न आल्यास हार पत्करावी लागते, त्या खेळाचे वर्षानुवर्षांचे वळण अंगात भिनलेले असताना ऐन प्रसंगी ते आपोआप सुटेल, असे आपण कुठल्या आधारावर गृहीत धरता? एकाच शैलीच्या दोन वर्गांत जेवढा फरक असतो तेवढा कित्येकदा दोन शैलींमध्येही नसतो. तारे द्यायचेच असतील तर ते वर्गाला द्यावे लागतील.

दुसरी तक्रार मुक्त लढत बंद करण्याची, आणि माझ्या दृष्टीने हीच सर्वांत गंभीर आहे. मनगट पकडल्यावर अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन सोडवायचे, हे माझ्या मुलीला उत्तम येते. आपल्या परीक्षेत त्यासाठी तिला पूर्ण गुण मिळाले होते. घरी तिच्या मामाने गमतीने तिचे मनगट धरले आणि दुसऱ्या हाताने दंड पकडून तिला दाराकडे ओढायला सुरुवात केली. तिने तंत्र अगदी शिकवल्याप्रमाणे केले. हात सुटला नाही. त्यावर ती वैतागून म्हणाली, “मामा, तू चुकीचं धरलंयस!” तिचे तरी काय चुकले? वर्गात समोरची मुलगी एका हाताने पकडते, जागेवर उभी राहते आणि झटका बसताच सोडून देते, कारण तिला तसेच शिकवलेले आहे. नंतर आम्ही तोच प्रकार पुन्हा पुन्हा केला. मामा हळूहळू जोर वाढवत गेला, आणि मग तिला स्वतःलाच उमगत गेले, की आधी वजन खाली टाकायचे, मोकळ्या हाताने दाराची चौकट धरायची, नडगीवर लाथ घालायची, बेंबीच्या देठापासून ओरडायचे, आणि ओढणाऱ्याचा तोल गेल्यावरच मनगट फिरवायचे. तंत्र तेच होते. ते लागू पडायला आधी समोरचा माणूस खरा असावा लागला.

दुखापतींचे कारण मला खोटे वाटत नाही. वाढत्या वयात डोक्यावर वारंवार फटके बसू नयेत, याबाबत मी आपल्याहून कडक आहे. पण या पेचाचे उत्तर फार पूर्वी सापडलेले आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली प्रशिक्षणशाळा स्थापन केली तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतील घातक वार आणि तंत्रे मुक्त सरावातून बाजूला काढून कातापुरती ठेवली, आणि त्यामुळेच उरलेली तंत्रे विद्यार्थ्यांना पूर्ण ताकदीने, पूर्ण विरोधासह, रोज वापरता आली. म्हणजे दुखापत टाळण्यासाठी त्यांनी धोकादायक तंत्र कमी केले, विरोध कायम ठेवला. आपण नेमके उलट केले आहे. डोळ्यात बोट आणि गळ्यावर वार हे हवेत करण्यासाठी अभ्यासक्रमात ठेवले आहेत आणि विरोध काढून टाकला आहे. फक्त अंगावर हलक्या जोराने मारण्याची लढत, फक्त पकड सोडवण्याची झुंज, फक्त भिंतीला टेकवले असताना बाहेर पडण्याचा सराव, असे कितीतरी सुरक्षित पर्याय आहेत. त्यांपैकी एकाचाही विचार परिपत्रकात दिसत नाही. ज्या विद्यार्थ्यांनी कधी लढतच केली नाही तेच उद्या आपले प्रशिक्षक होणार आहेत, आणि आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तिसरी तक्रार चाकूची. नव्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या टप्प्यात ‘चाकू हिसकावणे’ आहे. मी ते प्रात्यक्षिक पाहिले. जोडीदार लाकडी चाकूने एकदा भोसकतो आणि हात तसाच लांब धरून उभा राहतो, मग त्याचे मनगट पिरगाळले जाते. चाकू हाती असलेला माणूस एकदा वार करून थांबत नाही. तो दुसऱ्या हाताने कपडे धरून चाकू मागे-पुढे चालवत राहतो, आणि बहुधा चाकू आधी दिसतच नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की धावत येणारा माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. हा इशारा कमरेला पिस्तूल असलेल्या पोलिसांसाठी होता. तेव्हा रिकाम्या हाताच्या शाळकरी मुलीला आपण काय सांगणार? अंतर वाढव, मध्ये काहीतरी आड येऊ दे, पाकीट मागत असेल तर फेकून दे आणि पळ, हे सांगायचे की मनगट पिरगाळायचे? मला या भागाची खरोखर भीती वाटते, कारण बाकीचा अभ्यासक्रम फार तर निरुपयोगी ठरेल, पण हा भाग जिवावर बेतू शकतो.

चौथी गोष्ट, अभ्यासक्रमात अजिबात नसलेल्या भागाची. आपल्या अभ्यासक्रमातला हल्लेखोर नेहमी अनोळखी असतो आणि नेहमी समोरून येतो. मुलींना त्रास देणारा माणूस कितीतरी वेळा ओळखीचा असतो, तो आधी बोलतो, जवळीक साधतो, नकार ऐकून हसतो आणि हळूहळू हद्द पुढे सरकवत नेतो. तिथे पहिली गरज असते ती धोका ओळखण्याची आणि भिडस्तपणा सोडून ठाम नकार देण्याची. या प्रशिक्षणाचा परिणाम मोजलेलाही आहे. कॅनडातील तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला एकूण १२ तासांचे प्रशिक्षण दिले होते, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रके. पुढच्या वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात ९.८ टक्के, तर प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के होते. त्या १२ तासांतील मोठा वाटा धोका ओळखणे, मनातले अडथळे ओलांडणे आणि स्वतःला काय हवे-नको ते ठरवणे यांचा होता. शारीरिक प्रतिकार त्यातल्या एका भागात होता, आणि तोही साधासोपा. आपला अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालतो, त्यात यासाठी एक तासही नसावा, हे मला पटत नाही. धोका टळताच मारणे थांबवायचे असते, कायदा प्रतिकाराचे प्रमाण पाहतो, आणि घडलेले ताबडतोब कुणाला तरी सांगायचे असते, हेही कुठे नाही.

जाता जाता एक सांगते. ज्युदोने मला प्रत्यक्ष आयुष्यात सर्वांत जास्त वेळा वाचवले ते पडण्याच्या तंत्राने. ओल्या पायऱ्यांवरून घसरताना हनुवटी छातीला लागली आणि डोके वाचले, असे प्रसंग कुठल्याही मारामारीपेक्षा कितीतरी जास्त येतात. आपल्या अभ्यासक्रमात पडायला शिकवत नाहीत.

माझ्या मागण्या अशा आहेत :

१. ‘स्वसंरक्षण प्रावीण्य’ हे प्रमाणपत्र तूर्त स्थगित करावे. पट्टा हा कराटेतील प्रगतीचा पट्टा म्हणून द्यावा, त्याबद्दल कुणाचीच हरकत नाही.

२. ताऱ्यांचे माहितीपत्रक मागे घ्यावे, किंवा तारे कोणत्या कसोटीवर आणि कुणी दिले ते छापावे.

३. मुक्त सराव सुरक्षित स्वरूपात पुन्हा सुरू करावा : डोक्यावर मार नाही, जोर टप्प्याटप्प्याने, पण जोडीदाराला खरा विरोध करण्याची सूट. मुलगे आणि मुली दोघांसाठी नियम एकच असावेत.

४. स्वसंरक्षणाची परीक्षा घ्यायचीच असेल, तर ती पूर्ण संरक्षक पोशाख घातलेल्या आणि पुढे काय करणार हे न सांगणाऱ्या माणसासमोर घ्यावी. सुटून दारापर्यंत पोहोचणे म्हणजे उत्तीर्ण. त्याला हरवण्याची गरज नाही.

५. चाकू हिसकावण्याचा भाग अल्पवयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमातून काढावा.

६. पकड, झोंबाझोंबी आणि जमिनीवरून उठणे यांसाठी ज्युदो, कुस्ती किंवा जिउ-जित्सूच्या प्रशिक्षकांना, आणि धोका ओळखणे व ठाम नकार यांसाठी त्या विषयातील जाणकारांना नियमित बोलवावे. यात आपल्या शैलीचा कमीपणा काही नाही.

यातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत, ते कारणांसह पुढील परीक्षेपूर्वी सर्व पालकांना लेखी कळवावे. पडण्याच्या तंत्राचे आणि पकड सोडवण्याच्या सरावाचे वर्ग घ्यायला मी स्वतः, कसलेही मानधन न घेता, यायला तयार आहे. माझी मुलगी नेहमीप्रमाणे वर्गाला येत राहील. पट्ट्याची परीक्षा ती देईल, स्वसंरक्षणाचे प्रमाणपत्र मात्र आम्ही सध्याच्या स्वरूपात स्वीकारणार नाही. इतर पालकांनीही आपल्या मुलांपुरता हा निर्णय विचार करून घ्यावा, अशी त्यांना विनंती आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक पालक आणि जुनी ज्युदो खेळाडू